कोपरीच्या ट्रकची हळद

कोपरी, ठाणे
शनिवार, डिसेंबर १९५३

चि. त्र्यंबक,

तुला अक्काचे आशीर्वाद, पूर्वीइतकेच. (तुझं पत्र वाचून त्यांतले थोडे कापून घ्यावेत असं मनात आलं होतं, पण दिलेले आशीर्वाद परत मागायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून वाचलास.) तुझा दमा कसा आहे? नाशिकला यंदा थंडी लवकर पडली असं ऐकते. कानाला मफलर बांधत जा आणि घरात शिरल्यावर सोडत जा. मफलर बांधून जेवायला बसलेला यजमान पाहुण्यासारखा दिसतो. सौ. सरोजची कंबर आता बरी असेल. मी ठणठणीत आहे. तू माझ्या प्रकृतीची जी चौकशी केली आहेस ती मानेच्या वरच्या भागापुरतीच आहे हे माझ्या लक्षात आलं. तोही भाग ठणठणीत आहे.

अण्णाने डोंबिवलीहून तुला कळवलं की अक्काने कोपरीत भर दुपारी एका ट्रकचं लग्न लावलं. त्यावर तू खरं काय झालं ते एका शब्दाने न विचारता मला लिहिलंस की डोकं ठिकाणावर येईपर्यंत नाशिकला येऊ नये. त्र्यंबक, मी लग्न लावलेलं नाही. मी हळद उतरवली. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते ज्याचं लग्न हळदीनंतर मोडलं अशा कोणालाही विचार. मुंबईच्या टेलिफोन ऑफिसात मी जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली. अर्धं ऐकून पूर्ण समजणारी माणसं मी नुसत्या हुंकारावरून ओळखते. आपला चुलतभाऊ त्यांतला आहे. त्याने पाहिलं ते खोटं नव्हतं. तो नाटकाच्या शेवटच्या अंकाला आला आणि पहिल्या दोन अंकांची गोष्ट सगळ्यांना सांगत सुटला, एवढंच.

पण आधी आभार, मग भांडण. मी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या मुलींनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सख्ख्या भावाने घडीची लाकडी शिडी पाठवली. हा मला माळ्यावरचं सामान समजतो की स्वर्गाची वाट सोपी करून देतो, असं मला तेव्हा वाटलं. रागाने मी नुसती पोच कळवली, आभार मानले नाहीत. आज मानते, आणि अगदी मनापासून मानते. शिडी उत्तम आहे. चारही पाय सारखे टेकतात, मध्ये दोरी आहे, वर भांडं ठेवायला फळी आहे. ती नसती तर हे पत्र मला डाव्या हाताने लिहावं लागलं असतं, आणि एका माणसाचं याहून पुष्कळ वाईट झालं असतं. तो माणूस म्हणजे गोपीनाथ.

गोपीनाथ हा माझ्या घरमालकीण आवडाबाई यांचा मुलगा. ही इथली जुनी आगरी मंडळी. आजोबा मिठागरात राबले, बापाने जमीन राखली, आणि गोपीनाथने त्यातला एक तुकडा विकून कल्याणच्या छावणीतल्या लिलावात लढाईतला एक ट्रक घेतला. तो ट्रक दारात उभा राहिला की माझ्या खोलीत संध्याकाळ होते. चाक माझ्या छातीला लागतं, नाक हातभर पुढे आलेलं, आणि समोरची काच इतकी उंच की तिच्याकडे बघायचं तर टोपी घातलेल्या माणसाची टोपी पडावी. गेल्या पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला (तुला मी ‘थोडी सर्दी’ असं कळवलं होतं) तेव्हा पाण्यातून यायला एकही टांगेवाला तयार होईना. गोपीनाथने ट्रकमध्ये मिठाच्या गोण्यांवर माझी गादी टाकली आणि मला इस्पितळात नेलं. आवडाबाई वाटभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी शुद्धीवर असते तर या प्रवासाला साफ नकार दिला असता. शुद्धीवर नव्हते, म्हणून जगले. तेव्हा या घराविषयी जे काही वाकडं बोलायचं ते मी बोलेन. तू नाही, आणि अण्णा तर मुळीच नाही.

आता त्या काचेचं. ट्रक घरी आला त्या दिवशी आवडाबाईंनी पूजा केली आणि तेलात कुंकू कालवून काचेवर स्वस्तिक काढलं. छान केलं. मग भिवंडीची पहिली खेप सुखरूप झाली म्हणून एक, दसऱ्याला एक, टायर फुटूनही गाडी उलटली नाही म्हणून पाच बोटांचे ठसे, सुनेला दिवस गेले म्हणून आणखी पाच. त्यावर मिठागराची खारी धूळ येऊन बसली आणि तेलाने तिला घट्ट धरून ठेवलं. आणि यातलं काहीही पुसायचं नाही, कारण गाडी ही घरची सवाष्ण, आणि सवाष्णीचं कुंकू पुसायचं कोणी? गोपीनाथला बाहेर बघायला प्रथम परातीएवढी जागा होती, मग ताटाएवढी झाली, शेवटी वाटीएवढी. त्या वाटीला डोळा लावून तो धिप्पाड गडी शेजाऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या म्हाताऱ्यासारखा वाकून गाडी चालवत असे. मी एकदा सुचवून पाहिलं. आवडाबाई म्हणाल्या, “अक्का, तिला डोले हायेत. ती बघते.” (त्यांना पुढचे दिवे म्हणायचे होते. त्यांतला एक फुटलेला आहे.)

मग माजिवड्याला व्हायचं ते झालं. नाक्यावर गवताची बैलगाडी आडवी उभी होती आणि ट्रकच्या उरलेल्या एका डोळ्याला ती दिसली नाही. ट्रक सावकाश, अगदी सभ्यपणे, गवतात शिरला. देवाच्या दयेने बैल वाचले आणि गाडीवानही वाचला. तो तावातावाने पुढे आला, त्याने काचेकडे पाहिलं, चप्पल काढून हात जोडले आणि मगच शिव्यांना आरंभ केला. गोपीनाथ घरी परतला तो ट्रकच्या नाकावर अर्धा भारा गवत मिरवत. आवडाबाईंनी हकीकत ऐकली, देवीने राखलं म्हणाल्या, आत जाऊन कुंकू आणलं, आणि कृतज्ञतेचा ठसा नेमका त्या वाटीएवढ्या जागेत उमटवला.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून गोदा माझ्या दाराशी आली. सातवा महिना, आणि तोंड पिठासारखं पांढरं. गोपीनाथने नाशिकला मीठ पोचवायचं काम घेतलं होतं. म्हणजे कसाऱ्याचा घाट, तोही त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि समोर काच नव्हे तर लाल भिंत. “अक्का, ती काच पुसा,” ती म्हणाली. “मना नय पुसता येनार. नवऱ्याच्या गारीचा कुंकू बायकोनी कसा पुसाचा?” मी म्हटलं, मग नवऱ्याला सांग. “त्यांना आयेचा भ्या.” बरं, मग सगळ्या कोपरीत मीच का? त्यावर ती खाली मान घालून, अत्यंत आदराने म्हणाली, “तुमचा काय अक्का, जा होवाचा ता होऊन गेलाय.”

त्र्यंबक, मी ऐन तारुण्यात विधवा झाले तेव्हापासून लोकांनी मला बऱ्याच मंगल कामांतून बाजूला सारलं, पण त्याच कारणासाठी इतक्या आदराने कामाला बोलावणारं माणूस मला प्रथमच भेटलं. मी तिला चार शब्द सुनावणार होते. (चांगले तयार होते. जपून ठेवले आहेत, वाया जाणार नाहीत.) पण तिचा हात पोटावर होता. मी व्हिनेगरची बाटली शोधायला आत गेले.

कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा आम्हा मुलींना प्रार्थनामंदिराच्या उंच काचा पुसायला लावायच्या, हे तुला ठाऊक असेल. (बाबा त्यासाठीच फी भरतात असं आजी म्हणायची.) ते सगळं शिक्षण डोक्यात असूनही मी पहिला मूर्खपणा केलाच: शिडी काढायचा कंटाळा केला. म्हटलं, एवढासा तर लोखंडी दांडा आहे पुढे, त्यावर उभं राहू आणि कोरड्या फडक्याने एक हात फिरवू. तो दांडा तेलकट. माझी एक चप्पल ट्रकच्या नाकावरून घरंगळत पलीकडे गेली, दुसरा पाय हवेत, आणि मी बाजूच्या आरशाच्या दांडीला लोंबकळत राहिले. गोदाने खाली मला धरायचं ठरलं होतं. पण कुंकू पुसताना दिसू नये म्हणून तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. ती तशीच विचारत होती, “झाला का, अक्का?” मी म्हटलं, होत आलंय, बहुतेक माझंच.

कशीबशी खाली उतरले आणि मग सगळं सिस्टरच्या रीतीने केलं. गोपीनाथला बोलावून गाडी चिंचेखाली सपाट जागेवर लावायला सांगितली, कारण उन्हाने तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. इंजिन बंद, ब्रेक ओढलेला, चारी चाकांना पुढून-मागून दगड, आणि किल्ली माझ्या कनवटीला. (“अक्का, मी कुटं पलून चाललोय?” असं तो विचारत होता. मी म्हटलं, तू नाही, पण ही तुझी सवाष्ण चालली तर?) मग तुझी शिडी. गोदाला डोळे मिटायचे असतील तर मिट, पण दोन्ही हात शिडीवर हवेत, असं बजावलं. एक हात माझा कायम शिडीला, एक काचेला. जिथवर हात सहज पोचतो तिथवरच पुसायचं. पुढचं पुसायचं तर वाकायचं नाही, खाली उतरायचं, शिडी सरकवायची आणि पुन्हा चढायचं. फार कंटाळवाणं आहे. जिवंत राहण्याच्या बहुतेक रीती कंटाळवाण्याच असतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवली, कारण कोरड्या फडक्याखाली मिठाचा खडा आला तर काचेवर कायमची रेघ. मग तेलाला डाळीचं पीठ. तेल निघालं, कुंकू मात्र तसंच चिकटून, आणि काच पहिल्यापेक्षा लाल. गोपीनाथ आईची चाहूल घ्यायला रस्त्याच्या तोंडाशी उभा होता.

आवडाबाई खाडीच्या बाजूने आल्या. अर्थातच. मी नुकतं व्हिनेगर काचेवर ओतलं होतं. मागून आवाज आला, “कोन हाय ती? कोनी पुसला माज्या गारीचा कुंकू?” गोदाने डोळे उघडले आणि शिडी सोडली. मी शिडी सोडली नाही. आणि तेवढ्यात, त्र्यंबक, ती सगळी काच आमच्या डोळ्यांदेखत पिवळी झाली. लाल ओघळ वरून सुटत होते आणि खाली पोचेपर्यंत हळदीचे होत होते.

(कुंकू म्हणजे मुळात हळदच, खार घालून लाल केलेली. तिला आंबट लागलं की ती पुन्हा पिवळी होते. सिस्टरने वर्गात हळदीच्या कागदावर करून दाखवलं होतं. आपण विधवा झालो तरी रसायनशास्त्र पुसलं जात नाही.)

आवडाबाई जागच्या जागी थबकल्या. त्या काचेकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना वरून बघितलं आहे, पण त्या क्षणी मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते वरून बघण्यासारखं नव्हतं. ती बाई घाबरलेली होती. ट्रक घरी आला त्या दिवसापासून घाबरलेली होती. एकुलता एक मुलगा त्या लोखंडी धुडात बसून रोज घराबाहेर जातो, आणि हिच्या हातात कुंकवाखेरीज दुसरं काही नाही. म्हणून ती लावत होती, लावत होती. मग त्या ओरडल्या, “हलद! अगो बायांनो, गारीला हलद लागली!” कुंकू पुसलं नव्हतं, गाडी पुन्हा नवरी झाली होती. आणि हळद लागल्यावर नवरीला न्हाऊ घालतात, त्यात कसला अपशकुन? त्या स्वतः घागर घेऊन आल्या. आसपासच्या बायका जमल्या. यांच्यात हळदीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायची रीत आहे. आवडाबाईंनी सूर लावला आणि बाकीच्यांनी उचलला. मी वर उभी राहून वरून खाली फडकं फिरवत होते, शेवटी जुन्या वर्तमानपत्राने काच कोरडी करत होते, खाली वीस बायका ट्रकला नवरी म्हणून गात होत्या, आणि तांदळाची पिशवी घेऊन मला भेटायला आलेला अण्णा फाटकात उभा होता. त्याने तुला काय लिहिलं त्यात मला नवल वाटत नाही. तांदूळ मात्र तो परत घेऊन गेला, हे त्याने लिहिलं नसेल.

मी आवडाबाईंना रसायनशास्त्र सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. त्यांनी विचारलंच नाही. संध्याकाळी त्या माझ्यासाठी सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अक्का, तुमचा हात चांगला.” माझ्या हाताला हे कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मी त्यांच्यासमोर बसून भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. अजून त्या बाईचे आभार मानायचेच आहेत. तुझ्यापाशी मानते म्हणजे तोंडाला सवय होईल.

गोण्या भरण्यात आठवडा गेला. उद्या पहाटे गोपीनाथ निघेल. हे पत्र टपालाने न पाठवता त्याच्याबरोबर पाठवते आहे. त्याला पोटभर जेवायला घाल आणि ट्रक तुझ्या दारासमोर लावू दे. शेजारी काय म्हणतील याची काळजी करू नकोस. शेजारी नेहमीच काहीतरी म्हणतात, निदान त्यांना विषय चांगला मिळेल.

तुझी थोरली बहीण,
अक्का

ता. क. शहापूर, चहाचं दुकान. वर ‘गोपीनाथबरोबर पाठवते’ असं लिहिलं आहे. खरी गोष्ट अशी की गोपीनाथबरोबर मीही आहे. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत कोणीतरी मोठी बाई पाठराखीण म्हणून जाते, ती नसली तर गाडी हलणार नाही असं आवडाबाईंनी आयत्या वेळी सांगितलं. आपल्या सुनेला सातवा, स्वतःचे गुडघे गेलेले, तेव्हा उरलं कोण? मी पुष्कळ वाद घातला. (पिशवी आदल्या रात्रीच भरलेली होती, पण ते वेगळं.) आसन फार कठीण आहे. काचेतून सगळं दिसतं, अगदी नको तेसुद्धा.

ता. क. इगतपुरी. अक्षर वाकडं आहे. गाडी उभी आहे, तरी वाकडं येतं आहे. घाटात सूर्य समोरून आला. एका वळणावर एक बस बंद पडून आडवी उभी होती आणि तिची माणसं, लेकरं घेऊन, रस्त्यातच सावली धरून बसली होती. गोपीनाथने लांबूनच पाहिलं आणि गाडी थांबवली. त्याच्या हातांची पकड कितीतरी वेळ सुटेना. मग मला म्हणाला, “अक्का, दिसली.” एवढंच. मी त्याला म्हटलं, हो, दिसली. चाकांना दगड लावून आम्ही काच पुन्हा एकदा पुसली. बरोबर आणलेली तुझी शिडी त्याने धरली. त्याचे डोळे उघडे होते, पण भरलेले होते, तेव्हा मी वरूनच त्याच्यापाशी गोदाच्या कौतुकाचे दोन शब्द बोलले, तिच्यासाठी जपून ठेवलेल्यांतले नव्हेत.

ता. क. नाशिक, तुझं घर. गोपीनाथ हे घेऊन तुझ्या पायऱ्या चढेल. मी गाडीतच बसणार आहे. नवरीचं स्वागत झाल्याखेरीज पाठराखिणीने उतरायचं नसतं, आणि मी तसा शब्द देऊन बसले आहे. तेव्हा एवढ्या लांबलचक पत्रात तुझ्याकडे मागणं एकच: सरोजला कुंकू घेऊन बाहेर पाठव. तिने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा आणि कुंकू गाडीच्या नाकावर लावावं. नाकावर, त्र्यंबक, काचेला बोट लागलं तर आपलं नातं संपलं. मी या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही हे तिला सांग, पण कुंकू भरपूर लावायला सांग, म्हणजे परत गेल्यावर आवडाबाईंना सांगताना मला संकोच वाटणार नाही. आणि घरात कोणी नाही असं म्हणायला कोणालाही पाठवू नकोस. ही काच फार छान निघाली आहे. माडीवरच्या खिडकीच्या पडद्याआड उभा राहून तू कधीपासून इकडे बघतो आहेस, ते मला इथून स्वच्छ दिसतं.